पहिला आवाज

केतकी माळवदे हिचं काम पाण्याची गळती शोधण्याचं. त्या कामात कुणाची बाजू घ्यावी लागत नाही, म्हणून तिला ते आवडायचं. पाइप फुटलेला असतो किंवा नसतो. त्यावर मोर्चा निघत नाही आणि टीव्हीवर चार तज्ज्ञ बसत नाहीत. निदान संदेश वाघचौरे मेला त्या दिवसापर्यंत तिची तशी समजूत होती.

नांदूरपेठ महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात ती उपअभियंता होती आणि 'भूकर्ण' ही यंत्रणा तिच्या ताब्यात होती. नाव भारदस्त, वस्तू साधी. शहरातल्या सगळ्या मोठ्या पाइपलाइनींच्या शेजारून केसाएवढ्या जाडीची काचेची तार पुरलेली होती. तिच्या एका टोकाला लेझरचा दिवा. तो सेकंदाला हजारो वेळा लुकलुकायचा आणि प्रकाशाचे बारीक ठोके तारेत सोडत राहायचा. काच कितीही शुद्ध असो, तिच्यात कुठे कुठे सूक्ष्म दोष राहतातच, आणि त्यांच्यावर आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वरची जमीन थरथरली की तेवढ्या जागी तार किंचित ताणली जाते आणि परतणाऱ्या प्रकाशाची लय चुकते. प्रकाश किती वेळाने परतला त्यावरून जागा कळते. थोडक्यात, तारेचा प्रत्येक मीटर म्हणजे एक कान. माणसांचं बोलणं या कानांना ऐकू यायचं नाही. धक्के मात्र सगळे यायचे: गळक्या सांध्याची फुसफुस, बसची धडधड, रस्त्याने चाललेल्या माणसाची पावलं. केतकीला फक्त फुसफुस हवी असायची. बाकीचा गोंगाट ती गाळून टाकायची.

खडकाळी हा शहराचा चढावरचा भाग. तिथे पाणी चढत नाही म्हणून गल्लीच्या कोपऱ्यावर जमिनीखालच्या एका चेंबरमध्ये बूस्टर पंप बसवला होता. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, त्या गल्लीत पोलिसांची जीप शिरली. बाजारातल्या दुकानातून मोबाइल चोरून कुणी पळाल्याची तक्रार आली होती. जीपमध्ये उपनिरीक्षक धनराज काकफळे आणि गाडी चालवणारा शिपाई उमेश थिटे, एवढे दोघेच. जीप थांबली तसा पाठीला पिशवी लावलेला एक मुलगा पळत सुटला आणि पंपाच्या चेंबरपाशी पडला. गोळी पाठीतून शिरली होती. तो संदेश वाघचौरे, बावीस वर्षांचा, एसी दुरुस्त करणारा. पिशवीत पाने होते, गेज होतं, तांब्याच्या नळीचं वेटोळं होतं. मोबाइल एकच सापडला, त्याचा स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी गच्चीवरून घेतलेलं चित्रीकरण सगळ्यांच्या फोनवर आलं. आवाज नव्हता. पाठमोरा पळणारा मुलगा आणि मग पडलेला मुलगा, बस.

केतकीच्या घरी जेवणाच्या टेबलावर तिघं होती. ती, तिची कॉलेजात शिकणारी मुलगी ईरा, आणि सासरे तात्या. तात्या पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले. नवरा मंगेश मस्कतला. तो फोनवर ज्याच्याशी बोलेल त्याचं बरोबर आहे म्हणायचा, आणि त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता.

"पाठीत गोळी घातली," ईरा म्हणाली. "आई, तूच सांग, हा खून नाही तर काय आहे?"

केतकीने चित्रीकरण दोनदा बघितलं होतं. "खूनच वाटतोय," ती म्हणाली.

तात्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "तिथं उभी होतीस तू?"

"तात्या, दिसतंय ते दिसतंय."

तात्या उठून गेले. ईरा आईला बिलगली. केतकीला त्या मिठीपेक्षा ताटातल्या अर्ध्या भाकरीचंच जास्त वाईट वाटत राहिलं.

तीन दिवसांनी पोलिसांनी पत्रकार परिषद घेतली. संदेशच्या हाताशी गावठी कट्टा सापडला होता आणि त्यात झाडलेलं काडतूस होतं. त्याने पळता पळता मागे वळून गोळी झाडली, मग काकफळ्यांनी स्वसंरक्षणासाठी एकच गोळी चालवली, असं अधीक्षकांनी सांगितलं. काकफळ्यांच्या पिस्तुलातली एकच गोळी कमी होती हेही खरं निघालं.

"मी परवा घाईने बोलले," केतकी जेवताना म्हणाली. "असं असेल तर गोष्ट वेगळी आहे."

"म्हणजे तू पण पलटलीस," ईरा म्हणाली.

"पलटले काय? नवी माहिती आली."

"माहिती नाही आई, ती पोलिसांची गोष्ट आहे."

"मग तुझ्याकडे दुसरी गोष्ट आहे का?"

"माझ्याकडे मेलेला मुलगा आहे," ईरा म्हणाली आणि या वेळी तिने ताट सरकवलं. तात्यांनी मात्र भात दुसऱ्यांदा घेतला. आपल्या घरात कुणी ना कुणी उपाशीच झोपणार, तर मग स्वयंपाक कशाला करायचा, असं केतकीच्या मनात आलं.

तोवर शहराचे दोन भाग पडले होते, एक पोलिसांच्या बाजूचा, एक संदेशसाठी मोर्चे काढणारा. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं तरी आधी 'तुम्ही कुणाच्या बाजूच्या' हे विचारलं जायचं. 'बघू, चौकशी होऊ दे' असं उत्तर दिलं तर दोन्हीकडून शिव्या. टीव्हीवरचा निवेदक रोज तेच चार पाहुणे बोलवायचा आणि रोज त्यांच्याकडून तेच वदवून घ्यायचा, आणि एखादा पाहुणा चुकून 'मला नक्की माहीत नाही' म्हणाला तर त्याचा आवाज बंद करून पुढच्याकडे वळायचा. आपण मोठ्या माणसांच्या शहरात राहतो की बालवाडीत, हे केतकीला कळेनासं झालं.

सरकारने निवृत्त न्यायाधीश श्रीमती बावडेकर यांचा चौकशी आयोग नेमला. आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की खडकाळीच्या गल्लीखालून महापालिकेची कानवाली तार जाते.

आयुक्तांनी केतकीला बोलावून घेतलं. भूकर्णमध्ये त्या संध्याकाळी तारेने टिपलेल्या कंपनांचं सगळं मुद्रण शाबूत होतं. सरकारी प्रयोगशाळेने गोळीबाराचे आवाज ओळखणारी प्रणाली पाठवली. तारेवर आलेल्या कंपनांतून ती पाइपांचा, वाहनांचा, पंपांचा गोंगाट आधी गाळायची आणि उरलेल्यातून तीव्र, आखूड धक्के वेचायची. केतकीने ती चालवली. पडद्यावर गल्लीचा नकाशा उमटला आणि त्यावर दोन लाल ठिपके. दुसरा ठिपका जीपजवळ, काकफळे उभे होते तिथे. पहिला त्याच्याआधी थोडासा, संदेश पडला त्या जागेच्या अगदी जवळ.

दोन आवाज, दोन जागा. पहिला मुलाच्या बाजूने आलेला. तिने तसा प्राथमिक अहवाल दिला. 'प्राथमिक' हा शब्द तिने ठळक छापला होता; तो एकाही बातमीत आला नाही.

संध्याकाळी तात्यांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघं पेढे घेऊन घरी आले. तात्या कितीतरी दिवसांनी हसले. "आमची सून," ते म्हणाले, "शास्त्राचं बोलते." केतकीने पेढा हातात घेतला आणि तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना. एक पोरगं मेलंय आणि आपण गोड खायचं, कशाबद्दल?

ईराने त्याच रात्री बॅग भरली आणि मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. दारात ती इतकंच म्हणाली, "उद्या मोर्चात सगळे मला विचारणार, ती तुझीच आई ना?"

"सांग त्यांना, हो म्हणून."

"सांगेनच," ईरा म्हणाली. "लाज वाटते म्हणून पण सांगेन."

आयोगाचं कामकाज जुन्या टाऊन हॉलमध्ये चालायचं. केतकीची साक्ष लांबली आणि तिला आधीच्या साक्षीदारांचं ऐकत बसावं लागलं. सगळ्यांना एकच प्रश्न: आवाज किती ऐकलेत? बाजारातून आपल्या गावी परतणारा एक भाजीवाला म्हणाला, दोन. पार्सल पोचवायला आलेला तरुण म्हणाला, दोन. गल्लीतल्या शिक्षिका आगरकर बाई म्हणाल्या, एक. समोरचा शिंपी म्हणाला, एक, देवाशपथ एकच. बहिणीकडे पाहुणी आलेली एक बाई म्हणाली, दोन; ज्या बहिणीकडे ती आली होती ती म्हणाली, एक. दोघी एकाच खिडकीत उभ्या होत्या.

पोलिसांचे वकील म्हणाले, एक म्हणणारे घाबरून खोटं बोलताहेत. वाघचौरे कुटुंबाच्या वकील म्हणाल्या, दोन म्हणणारे पढवलेले आहेत. केतकी कपाळाला हात लावून बसली. आणि मग तिच्या ध्यानात आलं की दोन म्हणणारे सगळे बाहेरचे आहेत. एक म्हणणारे सगळे गल्लीत राहणारे.

तिने साक्षीची तारीख पुढची मागितली. वकील वैतागले, आयुक्तांचा फोन आला, तिने तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खडकाळीत गेली. चेंबरच्या लोखंडी झाकणाजवळ एक बाई साडीवर कुरडया वाळत घालत होती. केतकी तिच्याशेजारी नुसतीच उभी राहिली. वरच्या टाकीत पाणी पुरेसं चढलं की बूस्टर पंप आपोआप बंद व्हायचा. तो बंद झाला, आणि जमिनीखालून धाडकन असा आवाज आला की केतकी दचकून दोन पावलं मागे सरली. चेंबरचं झाकण झणझणत राहिलं.

कुरडया घालणाऱ्या बाईने मानसुद्धा वर केली नव्हती.

"आत्ता कसला हो आवाज झाला?" केतकीने विचारलं.

"कुठला आवाज?" ती बाई म्हणाली.

केतकी तिथेच दगडावर बसली. कुठला आवाज हे तिच्याइतकं चांगलं शहरात कुणालाच माहीत नव्हतं. पंप थांबला की चढावरचं पाणी उलटं खाली येऊ पाहतं. ते अडवायला पाइपात एक झडप असते, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. ती वेळेवर मिटली तर काही कळतही नाही. बिजागरी झिजलेली असेल तर ती उशिरा मिटते, तोवर पाण्याने वेग धरलेला असतो, आणि मग ते सगळं पाणी बंद दारावर धावत येऊन आदळावं तसं आदळतं. अभियंते त्याला वॉटर हॅमर म्हणतात. खडकाळीची झडप झिजली आहे अशा तक्रारी तिच्याकडे आलेल्या होत्या. गळती नव्हती, म्हणून तिने त्या मागे ठेवल्या होत्या.

कार्यालयात येऊन तिने त्या संध्याकाळचं मूळ मुद्रण काढलं, काहीही न गाळलेलं. बंदुकीचा धक्का हवेतून येतो, जमिनीला एकदा टिचकी मारतो आणि संपतो. पाण्याचा धक्का पाइपातून पळतो, टोकाला जाऊन आदळतो, परत येतो, पुन्हा जातो; त्याचे पडसाद ठरलेल्या अंतराने, हळूहळू मंद होत राहतात. दुसऱ्या ठिपक्याला पडसाद नव्हते. पहिल्याला होते, एकामागून एक, अगदी पाठ्यपुस्तकात दाखवतात तसे. प्रयोगशाळेच्या प्रणालीने ते 'पाइपांचा गोंगाट' म्हणून पुसून टाकले होते आणि नुसता सुरुवातीचा तीव्र धक्का ठेवला होता. त्या धक्क्याला केतकीने गोळी म्हटलं होतं.

म्हणजे गोळी एकच होती. संदेशने काही झाडलं नव्हतं.

तिचे वरिष्ठ निंबकर साहेब यांनी हे ऐकून समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं एकदा ठरवा. आधी त्याने झाडली, आता आपल्या व्हॉल्व्हने झाडली. उद्या काय, केबलने झाडली?"

"साहेब, मी गाळलेला डेटा बघितला होता. आता न गाळलेला बघितला."

"अहो, झडप कुणी बदलली नाही असं विचारतील ना. काय सांगणार?"

"मी बदलली नाही असं सांगणार."

"तुम्हाला कुणी विचारलं नसताना?"

"विचारतील ना आता," केतकी म्हणाली. तिला या माणसाचा राग यावा की कीव, ते ठरवण्याइतकंही त्राण तिच्यात राहिलं नव्हतं.

बावडेकर बाईंनी ऐकून घेतलं आणि प्रत्यक्ष चाचणीचा आदेश दिला. भर दुपारी खडकाळीत सगळे जमले: दोन्हीकडचे वकील, प्रयोगशाळेचा माणूस, पत्रकार, संदेशची आई कौसल्याबाई, साध्या कपड्यांत काकफळे. तात्याही आले होते. सुनेने घराण्याला काय काय दाखवायचं ठेवलंय ते बघायला, असं ते स्वतःच म्हणाले. दोरीपलीकडे मोर्चातली मुलं उभी होती आणि त्यांच्यात ईरा होती. तिने आईकडे बघितलं नाही.

पंप कधी बंद होणार हे केतकीने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने तो आपोआपच बंद होऊ दिला. पोलिसांचे वकील तेव्हा बोलत होते. आवाज झाला. वकिलांच्या हातातला कागद खाली पडला, पत्रकार खाली वाकले. आणि काकफळ्यांचा उजवा हात कमरेकडे गेला, जिथे आता पट्टाही नव्हता. तो हात तिथे पोचला आणि तसाच थांबला.

तात्यांनी ते बघितलं. केतकीनेही बघितलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं की आपल्यावर गोळी झाडली गेली.

म्हणजे पुन्हा मत बदला.

आधी खून वाटला होता, मग चकमक वाटली, मग निरपराध मुलाला ठार मारून रचलेली गोष्ट वाटली, आणि आता तिच्या न बदललेल्या झडपेला दचकलेला एक माणूस समोर उभा होता. दोरीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "किती पैसे मिळाले बाई?" दुसरा म्हणाला, "कुणाकडून, ते तरी सांगा." तो प्रश्न निदान प्रामाणिक होता.

पण कट्टा राहिलाच होता. संदेशने झाडली नाही, तर झाडलेल्या काडतुसाचा कट्टा त्याच्या हाताशी कसा आला?

केतकी पुन्हा मुद्रणाकडे वळली. आता काहीच गाळायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि न गाळलेल्या मुद्रणात पावलं होती. गोळीनंतर दोन माणसांची पावलं जीपपासून मुलापर्यंत धावत गेली. तिथे काही काळ काहीच नाही. मग दोघांपैकी एकाचीच जड बुटांची पावलं चालत जीपकडे परतली. जीपचं दार उघडल्याचा आणि लावल्याचा धक्का. मग तीच पावलं पुन्हा मुलाकडे. या वेळी धावत नाही, सावकाश.

तिने हे आधी घरी सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तात्या समोर बसले होते आणि दुसरं घरात कुणी नव्हतं.

"फोन करायला गेला असेल," ती म्हणाली. "पाणी आणायला गेला असेल. मला दार ऐकू येतं तात्या, हातात काय आहे ते ऐकू येत नाही. मी एवढंच लिहिणार. आता परत अंदाज करणार नाही."

तात्या खिडकीतून बाहेर बघत होते. "परत येताना चालत आला म्हणालीस?"

"हो."

"पाणी आणायला गेलेला माणूस धावत येतो," तात्या म्हणाले.

केतकीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"आमच्या वेळी," ते म्हणाले आणि तिथेच अडखळले. मग म्हणाले, "काही गाड्यांत सीटखाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी असायचं. वेळ पडली तर म्हणून. ते कुणाचं, कुठून आलं, असं विचारायचं नसतं. मी विचारलं नाही कधी."

"तुम्ही कधी..."

"नाही. माझ्यावर वेळ आली नाही." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "आली असती तर काय केलं असतं, ते मला विचारू नकोस केतकी. तो घाबरला, गोळी सुटली, इथवर मी त्याच्या बाजूला उभा राहीन. कुणापुढेही. पण ती दुसरी फेरी घाबरलेल्या माणसाची नाही."

ते सकाळी उठून शिपाई उमेश थिटेच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं हे त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही. दुपारपर्यंत तिथेच होते, जेवूनही आले.

केतकीची उलटतपासणी दीड दिवस चालली. पोलिसांचे वकील उभे राहिले तेच हसत.

"मॅडम, आतापर्यंत आपण किती मतं बदललीत?"

"तीन."

"आणि आता आम्ही चौथं खरं धरायचं?"

"माझं मत धरू नका. मुद्रण धरा. माझं मत त्याच्यामागून चालतंय, आणि उशिरा पोचतंय."

"म्हणजे आपल्या पहिल्या अहवालात चूक होती, हे आपल्याला मान्य आहे."

"मान्य आहे. झडपेच्या तक्रारी माझ्याकडे पडून होत्या, तेही मान्य आहे. ते तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहून घ्या."

वाघचौरे कुटुंबाच्या वकिलांनाही तिची साक्ष पुरेशी वाटली नाही. "काकफळ्यांनी ठरवून मारलं नाही, असं आपण म्हणता?"

"मी म्हणते की त्यांच्या गोळीआधी एक मोठा आवाज झाला, आणि तो गोळीसारखा होता."

"आपण आरोपीला वाचवताय, हे कळतंय ना आपल्याला?"

"पावलांबद्दल बोलले तेव्हा तुम्ही काही म्हणाला नाहीत," केतकी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुम्हाला माझं अर्धं बोलणं हवंय आणि यांना उरलेलं अर्धं. मी ते कापून कसं देऊ? एकाच तारेवर आहे ते सगळं. घ्यायचं तर अख्खं घ्या."

बावडेकर बाईंनी तिला पाणी द्यायला सांगितलं.

चार दिवसांनी उमेश थिटेने जबाब बदलला. कट्टा जीपच्या सीटखालचा होता, झाडलेल्या काडतुसासकट. काकफळ्यांनी तो आणून मुलाच्या हाताशी ठेवला आणि त्याला गप्प राहायला सांगितलं. मुलगा तेव्हा श्वास घेत होता की नाही, हे आपल्याला माहीत नाही, असं तो रडत म्हणाला. आयोगाचा अहवाल आला. ठरवून केलेला खून नव्हे, तर सदोष मनुष्यवध; खोटा पुरावा रचल्याचा वेगळा गुन्हा; झडप न बदलल्याबद्दल महापालिकेवर ताशेरे. मोर्चेवाल्यांनी अहवालाची प्रत जाळली. पोलिसांच्या संघटनेने निषेधाचं पत्रक काढलं. केतकीला खात्याअंतर्गत चौकशीची नोटीस आली आणि भूकर्ण तिच्याकडून काढून घेण्यात आला. सकाळी फिरायला जाताना तात्यांना जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणी चहाला हाक मारेना. ते आता उलट दिशेने फिरायला जायचे.

ईरा एका रविवारी कपडे न्यायला म्हणून आली आणि राहिली. "अजून मला तो खूनच वाटतो," तिने आल्या आल्या सांगितलं.

"वाटू दे."

"तू वाद घालणार नाहीस?"

"दमले ग," केतकी म्हणाली. "जेवलीस का?"

ईरा जेवायला बसली. तात्याही येऊन बसले. त्या दिवशी दोघांनी एकमेकांना कढी वाढली. बोलले मात्र नाहीत.

कौसल्याबाई वाघचौरे कार्यालयात आल्या त्या महिनाअखेरीला. केतकीचं सामान दुसऱ्या खोलीत हलवणं चाललं होतं. ती उठून उभी राहिली. या बाईंना काय म्हणायचं हे तिने मनात कितीदा जुळवलं होतं.

"त्या झडपेची तक्रार माझ्याकडे होती," ती म्हणाली.

"ऐकलं मी तिथं," कौसल्याबाई म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत. "सगळे येऊन मला सांगतात कुणावर राग धर. एक म्हणतो त्याच्यावर, एक म्हणतो तुमच्यावर. मला आता ऐकवत नाही बाई. तुमच्या त्या तारेवर माझ्या पोराची पावलं हायेत म्हणे?"

"आहेत."

"ती ऐकू येतात का?"

भूकर्णचं यंत्र अजून तिच्याच टेबलावर चालू होतं. कंपनांचा आवाज करून ऐकवण्याची सोय होती, गळती तपासायला ती वापरायचे. तिने दार लोटलं, त्या संध्याकाळचं मुद्रण लावलं आणि हेडफोन कौसल्याबाईंच्या कानांवर नीट बसवला. पावलं सुरू झाली. गल्लीच्या टोकाशी, चढ चढणारी, पाठीवर ओझं असल्यासारखी. कौसल्याबाईंनी डोळे मिटले.

"चप्पल घासतो," त्या म्हणाल्या. "कितीदा सांगितलं, उचलून टाक."

पडद्यावर जीपची रेघ दिसायला लागली तशी केतकीने हात पुढे केला. पण कौसल्याबाईंनीच डोळे उघडले. पावलांचा वेग त्यांना आधी कळला होता.

"बास," त्या म्हणाल्या. "इथून पुढं नको."

केतकीने थांबवलं.

"पहिल्यापासून लावा," कौसल्याबाई म्हणाल्या आणि आता त्या खुर्चीत बसल्या. "चढ चढतोय तेवढंच."